एक तप उभी असलेली मोटार

(द्वितीय वर्ष कला)

मोटार चालल्याने झिजते ही गोष्ट कोणालाही पटते. पण मोटार नुसती उभी राहिल्याने अधिक खराब होते असे सांगितले, तर पुष्कळांना ते खोटे वाटते. "गाडी आम्ही वापरलीच नाही, मग तिला व्हायचे काय?" असे विचारणारे गिऱ्हाईक आमच्या दारी वर्षातून दोन-तीन वेळा तरी येते. आमच्या दारी म्हणण्याचे कारण असे की, माझे वडील मोटारमिस्त्री आहेत आणि त्यांचे गॅरेज आमच्या कऱ्हाडच्या घराला लागूनच आहे. मधे फक्त एक पत्रा.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी कविता द्यावी, फार तर सहलीचे वर्णन लिहावे, अशी रीत आहे. तरी मी हा विषय निवडला. माझे वडील सातवी शिकलेले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. गॅरेजमधले सारे ज्ञान त्यांच्या हातात आहे आणि ते कुठल्याही वहीत नाही. बऱ्याच वर्षांनी बंद मोटार सुरू कशी करावी हे कोणी मराठीत लिहिले आहे का, म्हणून मी आपल्या ग्रंथालयात शोधले. मोटार चालवायला शिकवणारे एक पुस्तक मिळाले, पण हे मिळाले नाही. तेव्हा २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत दादांनी एक गाडी कशी जागी केली ते मी रोज रात्री टिपून ठेवले. माझी वही पाहून दादांनी विचारले, "हे परीक्षेला येणार आहे का गं?" मी नाही म्हणाले. "मग बरोबर लिही," म्हणाले.

ती गाडी म्हणजे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. आमच्याच पेठेतल्या एका वकीलसाहेबांची. साहेब २०१३ च्या उन्हाळ्यात वारले आणि त्यानंतर गाडी वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती उभीच. बरोबर एक तप. त्यांचे चिरंजीव पुण्याला असतात. वाडा दुरुस्तीला काढायचा असल्याने शेड पाडायची होती, आणि भंगारवाल्याशी बोलणे झाले होते. पद्मिनीचे वजन नऊशे किलोच्या आसपास, भाव किलोवर. वकीलआजींनी मात्र मुलाकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली आणि दादांना बोलावणे पाठवले. मुलाचे म्हणणेही काही गैर नव्हते. "इंजिन मोकळे निघाले तर ठेवू. जाम असेल तर त्याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही." म्हणजे सगळे एका प्रश्नावर येऊन ठेपले होते : इंजिन फिरते की नाही?

नव्या मुलांना पद्मिनी ठाऊक असेलच असे नाही, म्हणून दोन शब्द सांगते. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर तिथे मोटारी होऊ लागल्या. १९६४ मध्ये '११०० डिलाइट' आली, तीच पुढे थोड्या फरकाने 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. लोकांच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच लावलेला गिअर, जोर मागच्या चाकांना, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. त्या काळी देशात मोटारी बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि चित्र पालटले, तरी पद्मिनी २००० सालाच्या सुमारापर्यंत निघत होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तीच. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत तेव्हा पुष्कळ हळहळ छापून आली. दादांनी ती बातमी वाचून एवढेच विचारले की, आता त्या गाड्यांचे सुटे भाग कुठे जाणार?

आता मुद्द्याकडे वळते. उभ्या गाडीत होते तरी काय?

गाडी ही एक वस्तू आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती लोखंड, रबर, पेट्रोल, तेल, तांबे, कापूस अशा वेगवेगळ्या स्वभावाच्या पदार्थांचा संसार आहे, आणि प्रत्येकाचे म्हातारपण वेगळ्या गतीने येते. पेट्रोल सर्वांत आधी जाते. त्यातला हलका, चटकन पेट घेणारा भाग काही महिन्यांत उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. टाकीचे झाकण उघडले की पेट्रोलचा वास येत नाही, जुन्या रंगाच्या डब्याचा येतो. त्यानंतर बॅटरी. ती काही न करता आपोआप उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा क्षार घट्ट बसतो. मग कितीही चार्ज केली तरी ती धरत नाही. रबर कडक होऊन तडकते. लोखंडाला गंज चढायला वेळ लागतो, पण आमच्याकडच्या पावसाळ्याचे चार महिने त्याला पुरे होतात. शिवाय उंदीर आहेत, त्यांना कसलीच घाई नसते.

यातली सर्वांत घातक गोष्ट कोणती? माझ्या मते किल्ली. वर्षानुवर्षे बंद असलेली गाडी पाहिली की माणसाला पहिला मोह होतो तो नवी बॅटरी लावून किल्ली फिरवून पाहण्याचा. त्याहून वाईट म्हणजे चार पोरे बोलावून धक्का मारण्याचा. दादा एका जीपची गोष्ट नेहमी सांगतात. मालकाने ती सहा वर्षांनी ट्रॅक्टरला बांधून ओढली. इंजिन फिरले, पण फिरताना गंजाने धरलेली पिस्टनची रिंग तुटली आणि तिच्या तुकड्याने सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओरखडा काढला. पाव लिटर तेल आणि आठ दिवसांचा धीर यांत जे काम झाले असते, त्यासाठी सबंध इंजिन उतरवावे लागले. म्हणून बंद गाडी सुरू करण्याच्या कामात सुरू करणे हे सर्वांत शेवटी येते. त्याआधी काय काय आणि कोणत्या क्रमाने, यातच सारी विद्या आहे.

शेडमध्ये गेल्यावर दादांनी बोनेटला हातही लावला नाही. आधी काठीने गाडीखाली आपटून पाहिले. बारा वर्षांच्या शेडमध्ये जनावर असणे अगदी शक्य असते; आम्हांला नुसती कात मिळाली. मग टॉर्च घेऊन चहूबाजूंनी फिरणे झाले. पाणी, तेल, ब्रेक ऑइल कुठे ठिबकले आहे ते जमिनीवरच्या डागांवरून कळते. एअर क्लीनरचे झाकण काढले तर आत उंदराचे घरटे. गादीतला काथ्या, वकिली कागदाचे तुकडे, वायरीचे रंगीत आवरण, सगळे नीट रचलेले. सायलेन्सरच्या तोंडात आणि एका बारीक नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. हे आधी काढले नाही तर पुढे तासन्‌तास डोके खाजवावे लागते, कारण नळी बाहेरून चांगलीच दिसते. कुरतडलेल्या वायरी पाहिल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही, हा नियम. दोन उघड्या तारा एकमेकींना लागल्या तर गाडी जागच्या जागी पेटू शकते.

त्यानंतर इंजिन. इथे मला जरा थांबून सांगावे लागेल, कारण सगळा न्याय इथेच व्हायचा होता.

चार सिलिंडरचे इंजिन थांबते तेव्हा चारही सिलिंडर सारख्या स्थितीत नसतात. प्रत्येकाचे चार टप्पे असतात : मिश्रण आत ओढणे, दाबणे, स्फोटाने ढकलले जाणे आणि धूर बाहेर टाकणे. एका वेळी एक सिलिंडर एका टप्प्यावर असतो. म्हणजे इंजिन कुठेही थांबले तरी साधारणतः एका सिलिंडरचा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडा असतो आणि एकाचा बाहेर टाकणारा. बाकीचे दोन मिटलेले. मिटलेल्या सिलिंडरमध्ये तेलाचा जुना थर बराच काळ टिकतो. ज्याचा बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्याचा मात्र सायलेन्सरच्या नळीवाटे थेट बाहेरच्या हवेशी संबंध. पावसाळ्यात दिवसा दमट हवा आत जाते, रात्री लोखंड गार पडले की तिचे दव होते, आणि ते पिस्टनच्या रिंगेपाशी जाऊन बसते. बारा पावसाळे! म्हणून जाम झालेले इंजिन सगळेच्या सगळे क्वचितच जाम असते. बहुधा एखाद्याच सिलिंडरने बाकीच्या तिघांना धरून ठेवलेले असते. मी पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला एकत्र कुटुंबाची आठवण झाली होती, असो.

प्लग काढण्याआधी त्यांच्या भोवतीची माती ब्रशने आणि हवेने साफ करायची. नाहीतर प्लग निघताच खडे आत पडतात आणि दुखणे आपणच ओढवून घेतो. प्लग काढून दादांनी टॉर्चच्या उजेडात एकेका भोकातून पाहिले. दुसरा आणि चौथा स्वच्छ. पहिल्यात थोडी तांबूस छटा. तिसऱ्यात पिस्टनच्या माथ्यावर गंजाची पूडच पडलेली. पद्मिनीत ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन असा असतो, त्यावरून हिशेब करून पाहिला तो जुळला : तिसरा धूर टाकण्याच्या टप्प्यावर थांबलेला होता, पहिला मिश्रण घेण्याच्या. वर्गात तर्कशास्त्राचे प्रमेय सुटल्यावर जसे वाटते, तसे मला वाटले.

चारही भोकांत दादांनी डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण चार-चार चमचे सोडले, वर फडके कोंबले आणि म्हणाले, "आता परवा." परवाही काही झाले नाही. क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून त्यांनी हाताचा जोर दिला, पाय दिला नाही. पाना हलला नाही तेव्हा आणखी तेल सोडून घरी आलो. पाचव्या दिवशीही तेच. त्या दिवशी पुण्याहून फोन आला की भंगारवाला सोमवारी येऊन पाहून जाणार आहे. आजी दादांना म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. तो पाहून जाईल, नेणार नाही." दादांनी मान हलवली, पण जोर वाढवला नाही. मला वाटते कारागीर ओळखावा तो इथे. हाताशी चार फुटी पाइप होता; तो पान्याला लावला असता तर पुली फिरलीच असती, किंवा काहीतरी मोडले असते.

सातव्या दिवशी सकाळी पाना केसभर हलला. पुढे ओढून थोडा, मागे सोडून थोडा, पुन्हा तेल, पुन्हा पुढे-मागे. दुपारपर्यंत पुलीवरची खडूची खूण अर्धा इंच सरकली होती. संध्याकाळी तिने पूर्ण फेरा घेतला. चार वेळा फिरवून दादांनी माझ्या हातात पाना दिला. आतून काही घासत असेल तर ते कानाआधी मनगटाला कळते, असे ते म्हणतात. मला फक्त एका जागी किंचित जड लागले. "तोच तो तिसरा," ते म्हणाले.

सोमवारी भंगारवाला आला, त्याने पुली हाताने फिरवून पाहिली आणि हसून चहा पिऊन गेला.

इंजिन मोकळे झाले म्हणजे गाडी सुरू करायची असे नाही. दादा आता इंजिन सोडून चाकांकडे गेले. याचे मला पूर्वी नवल वाटत असे. त्यांचे म्हणणे असे की, आधी थांबायची सोय करावी आणि मग चालायची. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. बारा वर्षांत ते तांबूस-काळे झालेले, आणि त्यातल्या पाण्याने चाकांमधले छोटे सिलिंडर आतून गंजलेले. हँडब्रेक ओढलेला राहिल्याने मागचे दोन्ही लायनर ड्रमला चिकटून बसले होते. लाकडी हातोड्याने ड्रमच्या कडेवर हलके-हलके ठोकून ते सुटले. सगळे रबरी वॉशर नवे घातले. ब्रेकचे भाग ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटनेच धुवावेत. पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लागले की ते रबर फुगते आणि ब्रेक अडकून बसतात. ही चूक घरच्या घरी दुरुस्ती करणारे हमखास करतात. शेवटी नळ्यांतली हवा काढण्याचे काम. एकाने आत बसून पेडल मारायचे, दुसऱ्याने चाकापाशी निपल उघडायचा. "मार… मार… धर!" आणि हवेचे बुडबुडे संपेपर्यंत हेच. पेडलवरची जागा मी दहा वर्षांची असल्यापासून माझी आहे. तेव्हा पाय पोहोचण्यासाठी मी सीटच्या टोकावर सरकून बसत असे.

टायरविषयी थोडक्यात. ते दिसायला चांगले असले तरी त्यांच्यावर विश्वास टाकू नये. बाजूला चार आकडी अंक छापलेला असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आमच्या गाडीचे टायर २०१० सालचे निघाले. शेडमधून बाहेर काढायला ते चालले, रस्त्यावर चालणार नाहीत.

आता तेल, पाणी आणि पेट्रोल. चेंबरचा बोल्ट दादांनी अगदी हळू उघडला, आणि तेलाआधी दोन-तीन चमचे पाणी आले. तेल पाण्यावर तरंगते, म्हणून ओलावा तळाशी साचतो. जुने तेल वरून सोनेरी दिसले म्हणून तसेच ठेवणाऱ्यांनी हे पाहायला हवे होते. चेंबर उतरवून जाळी धुतली, तळाचा काळा चिखल काढला, नवे तेल भरले. रेडिएटरचे पाणी सोडले तर पिवळसर गाळ. नळाचे पाणी आत सोडून ते स्वच्छ येईपर्यंत वाहू दिले. रबरी होसपाइप दाबून पाहिले तर कुरकुर वाजले, ते बदलले.

पेट्रोलची टाकी पद्मिनीला मागे असते. ती रिकामी करून उतरवली. आत गंजाचे पोपडे होते, ते निघेपर्यंत तिचा उपयोग नव्हता. कार्बोरेटर सोडून टेबलावर मांडला तर आतल्या वाटीत मधासारखी घट्ट राळ. जेट म्हणून जी पितळी तुकडी असते तिचे भोक सुईच्या अग्राएवढे. त्यात तार घालायची नाही, कारण भोक एक केसभर मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. थिनरमध्ये रात्रभर भिजवून हवेने फुंकायचे. पेट्रोल पंपाचा पडदाही बदलला, आणि इथे एक नवी गोष्ट आहे. २०२५ पासून आपल्याकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेले मिळते. ते मुख्यतः ऊस आणि धान्यापासून होते; म्हणजे आमच्याच कृष्णाकाठच्या उसाचा थोडा अंश त्यात असायचा. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, परंतु १९८४ सालच्या रबराला ही ओळख नाही. जुने पडदे, जुन्या नळ्या त्याने मऊ पडून फुगतात, आणि इथेनॉल पाणीही ओढून घेते. म्हणून जुन्या गाडीत रबर बदलताना इथेनॉल सोसणारेच घ्यावे, आणि अशा पेट्रोलवर गाडी महिनोन्‌महिने उभी करू नये.

उरली ठिणगी. हल्लीच्या गाडीत हे काम इलेक्ट्रॉनिक पेटी करते. पद्मिनीत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दोन इवलेसे पॉइंट असतात. ते उघडले की कॉइलमध्ये वीज उसळते आणि प्लगपर्यंत जाते. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. उभ्या गाडीत त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा थर चढतो आणि वीज अडते. बारीक पॉलिश पेपरने दोनदा ओढून, फडक्याने पुसून, गेजने फट लावली. इंजिनच्या अंगाला प्लग टेकवून पाहिला. पिवळी ठिणगी म्हणजे अशक्त, निळी म्हणजे निरोगी. आमची आधी पिवळी आली. कंडेन्सर बदलल्यावर निळी झाली. तो कंडेन्सर दादांनी स्वतःच्या डब्यातून काढला. असे चार-पाच त्यांनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले आहेत. आमच्या पेठेत पॉइंट लावून देणारे पूर्वी सहा जण होते. आता दादा आणि बसस्टँडजवळचे एक म्हातारे मिस्त्री. गॅरेजात शिकायला येणारी मुले स्कॅनर मागतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. पोट त्यावर भरायचे आहे.

प्लग न लावता, नव्या बॅटरीवर, आधी सेल्फ मारून इंजिन फिरवले. प्लग नसले की दाब होत नाही, इंजिन हलके फिरते आणि पंप नवे तेल सगळ्या बेअरिंगांपर्यंत पोहोचवतो. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत, थांबून थांबून, हे करायचे. मग दाबाचे मीटर लावले. पौंडांत आकडे आले ते असे : पहिला १०५, दुसरा १२०, तिसरा ७५, चौथा १२०. तिसरा अशक्त, पण जिवंत. प्लग लावले. टाकी अजून तयार नव्हती, आणि असती तरी पहिल्या वेळी टाकीतले पेट्रोल द्यायचेच नसते. दादांनी काचेची जुनी सलाइनची बाटली बोनेटच्या दांड्याला उलटी टांगली, तिला पेट्रोलची नळी लावली आणि नळी थेट कार्बोरेटरला जोडली. रुग्णाला जसे थेंब-थेंब देतात तसेच. मला वाळूच्या बादलीपाशी उभे केले. पेट्रोलच्या आगीवर पाणी कधी टाकू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

वकीलआजींनी आधीच सांगून ठेवले होते की गाडी सुरू करताना मला बोलवा. दादा म्हणाले, "काकू, आज नको. चालली तर लगेच बोलावतो." त्या काही बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने मी पाहिले तर मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसलेल्या होत्या.

पहिल्या तीन वेळा सेल्फ नुसता फिरला. चौथ्या वेळी कार्बोरेटरमधून एक शिंक आली. दादांनी चोक थोडा आत ढकलला, आणि पाचव्या वेळी तिने पकडले. आवाज खडबडीत, एक सिलिंडर चुकतोय हे मलाही कळत होते. लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला. विझला नसता तर दादांनी ताबडतोब बंद केली असती. मागून निळा धूर आला, तो सिलिंडरमध्ये सोडलेल्या तेलाचा. त्यात पांढरी वाफ, ती सायलेन्सरमधल्या पाण्याची. सतत काळा धूर येत राहिला तर पेट्रोल जास्त जाते आहे असे समजावे. या वेळी ॲक्सिलरेटर दाबून इंजिन ओरडवायचे नसते, आणि दोन मिनिटांत बंदही करायचे नसते. अर्धवट तापून बंद केले की आत नवे दव धरते. काटा नेहमीच्या उष्णतेवर येईपर्यंत, अठरा मिनिटे, ती चालली. सातव्या-आठव्या मिनिटाला तिसरा सिलिंडर ठोके देऊ लागला आणि आवाज एकसारखा झाला. गार झाल्यावर पुन्हा मीटर लावले तेव्हा त्याचा आकडा ९० वर आला होता, म्हणजे अडकलेल्या रिंगा सुटू लागल्या होत्या. ते तेल दोन दिवसांनी पुन्हा बदलले, कारण सुटलेला सगळा गंज आणि डिझेल त्यातच उतरलेले असते.

आजी पडवीतून उठून आल्या आणि बोनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. "ह्यांना सकाळी कोर्टात जायला उशीर झाला की ही अशीच खोकायची," म्हणाल्या. मग त्यांनी दादांना बिल विचारले आणि दादांनी ते लिहून दिले.

गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही. खासगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे, आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. या गाडीची मुदत २०१४ मध्येच संपलेली आहे. वीस वर्षांवरील मोटारीसाठी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर, विमा, तपासणी आणि उशिराचा दंड. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मोटारीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण त्यासाठी हिला २०३४ पर्यंत थांबावे लागेल, आणि व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. चिरंजीवांनी भंगारवाल्याला नाही सांगितले आहे. कागदपत्रांचे ते मार्चनंतर बघणार आहेत. शेड मात्र पाडली, त्यामुळे गाडी सध्या आमच्या अंगणात आहे.

तोवर ती पुन्हा उभीच राहणार, म्हणून दादांनी तिची व्यवस्था लावली आहे, आणि ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी किंवा वडिलांची जुनी स्कूटर असेल त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ती लिहिते. कार्बोरेटर कोरडा करून ठेवलेला आहे. चारही चाकांजवळ लाकडी ठोकळे देऊन टायरवरचा भार काढला आहे. हँडब्रेक सोडलेला, त्याऐवजी चाकाला दगड. बॅटरी काढून घरात, महिन्यातून एकदा चार्जिंगला. सायलेन्सरच्या तोंडात तेलाच्या फडक्याचा बोळा, आणि त्याला लाल दोरी बांधलेली, म्हणजे सुरू करताना विसरायला नको. वर प्लॅस्टिक घातलेले नाही, कारण त्याखाली घाम धरतो. जुनी सुती चादर आहे. दर पंधरा दिवसांनी प्लग काढून, चमचाभर तेल सोडून, पुली पान्याने दोन फेरे फिरवायची आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबवायची, म्हणजे एकाच सिलिंडरचा व्हॉल्व्ह सदैव उघडा राहत नाही. ते काम माझ्याकडे आहे. खडूची खूण मागच्या रविवारी खाली होती. या रविवारी मी ती डावीकडे थांबवली.